झाकण

आधी डोळ्यांचं बिनसलं.
नास्तासिया म्हणाली, दारात दोन वासिली उभे आहेत,
आणि मला तर एकच पुरे झाला होता.
आम्ही हसलो.
मग तिची पापणी उतरली, ओल्या कनातीसारखी,
आणि घशाखाली पाणी जाईना.

मी या गावची आरोग्यसेविका.
शाळेमागे एक खोली, एक फोन, एक वजनकाटा,
आणि धावपट्टी, तिच्यावर त्या दिवशी धुकं बसलेलं.
काय खाल्लं, मी विचारलं.
विचारायचं म्हणून. कुस्कोक्विमच्या काठी
ऑगस्टमध्ये सगळे तेच खातात,
आंबवलेली सामन माशाची डोकी.
खरा प्रश्न पुढचा होता.
कशात आंबवली?

तिची आई खड्डा खणायची.
तळाला गवत, कडेला गवत, वर गवत,
त्यावर शेवाळ, माती,
आणि कुत्र्यांसाठी एक फळी.
आमची जमीन भर उन्हाळ्यातही
हातभर खाली गोठलेली असते.
गवतातून गार हवा ये-जा करायची.
डोकी आठवडेच्या आठवडे घ्यायची.
घाई कुणालाच नव्हती,
ना आईला, ना माशांना,
ना त्याला.

हो, तो तेव्हाही होता.
फोनवरच्या तरुण डॉक्टरला मी हे दोनदा सांगितलं.
तो कुठून आलेला नाही. तो नदीच्या गाळात आहे,
माशाच्या कल्ल्यात, माझ्या बुटाच्या चिखलात,
जाड सालीत मिटून,
आमच्या पणज्यांच्याही आधीपासून.
हवा लागली की पडून राहतो.
गारठ्यात फार तर कूस बदलतो.

मग दुकानात पांढऱ्या बादल्या आल्या.
धुवायला सोप्या. झाकण टप्प करून बसतं,
वास बाहेर येत नाही, सुनेची कटकट नाही.
नास्तासियाचे गुडघे गेलेत, कुदळ कोण मारणार?
तिनं बादली शेगडीमागे ठेवली.
पाच दिवसांत डोकी तयार.
सगळे म्हणाले, अगं, किती लवकर!

ऊब, अंधार, हवेचा एक घोट नाही.
आम्ही त्याच्यासाठी घरच बांधलं होतं की.
तो उलगडला. एकाचे दोन, दोनाचे चार,
आणि मरताना फुटला,
आणि जे सांडलं त्याला रंग नाही, चव नाही.
वासाचं म्हणाल, तर तिथं सगळ्यालाच वास होता.

पण का बनवतो तो विष, मी विचारलं.
फोनवर जरा शांतता.
नीटसं कुणालाच ठाऊक नाही, डॉक्टर म्हणाला.
म्हणजे वैरसुद्धा नाही.
आम्ही आहोत हेही त्याला माहीत नाही.

रात्री अकराला धुकं उठलं, विमान उतरलं,
आभाळात अजून फिकट उजेड होता.
बेथेलच्या इस्पितळात थंड पेटीतून बाटली निघाली.
घोड्याच्या रक्तापासून बनतं हे औषध, नर्स म्हणाली.
नास्तासियानं घोडा फक्त टीव्हीवर पाहिलाय.
एकोणीस दिवस यंत्र तिच्यासाठी श्वास घेत होतं,
आणि कुठल्यातरी कुरणातला तो अनोळखी
तिच्या नसांमधून हळूहळू चालत होता.

सप्टेंबरात ती परतली. आवाज अजून कापसासारखा.
पहिलं वाक्य, कुदळ आण.
मी म्हटलं, मावशी, खड्ड्यानंही माणसं नेलीत.
नेलीत, ती म्हणाली. पण थोडी.
आणि इतक्या घाईनं नाही.

मी खणत होते. ती बादली पालथी घालून
तिच्यावर बसून बोट दाखवत होती,
अजून खाली, अजून,
बर्फाला कुदळ लागेपर्यंत.

झाकणाचं काय झालं, माहीत नाही.
परवा वासिलीचा नातू धावपट्टीवर
काहीतरी पांढरं भिरकावत पळत होता.
वाऱ्यावर ते बराच वेळ तरंगलं.