काठावरचं मूल

लिंकनमधल्या हॉटेलचं तळघरातलं सभागृह.
आम्ही बारा शिक्षक, तीन गोल टेबलं,
मधोमध पेपरमिंटच्या गोळ्यांचा वाडगा.
फोन बाहेर टोपलीत जमा.
'इथलं इथेच' अशा कागदावर सकाळीच सही झालीय,
म्हणून प्रश्न सांगणार नाही. बाकीचं सांगते.

चौथीचं गणित. एका पानावर एक प्रश्न, पानं बावन्न,
सोप्याकडून अवघडाकडे.
हा क्रम कुणा विद्वानाने नाही लावला;
नेब्रास्काभरच्या मुलांनीच लावलाय तो गेल्या वसंतात,
नकळत, चुकत चुकत.
शंभरातल्या नव्वदांना आलं ते पहिलं पान,
ऐंशी जणांचं घोडं जिथे अडलं ते शेवटचं.
पानाच्या कोपऱ्यात काठिण्यपातळी,
दशांश चिन्हापुढे दोन आकडे,
औषधाच्या बाटलीवरच्या तारखेइतके बारीक.

कंपनीचा माणूस सौम्यपणे, तिसऱ्यांदा सांगतो:
काठावर पास होणारं एक मूल डोळ्यांपुढे आणा.
ते जिथवर पोचेल तिथे ही पिवळी चिठ्ठी लावा.

डोळ्यांपुढे आणा म्हणे.
जसं काही ते आधी तिथे नव्हतंच.

तोमास इश्कोय. खिडकीजवळचा तिसरा बाक.
बाप मांसाच्या कारखान्यात रात्रपाळीला, आई दिवसपाळीला,
मधली चाळीस मिनिटं धाकट्या दोघी याच्या ताब्यात.
बापाच्या पगारचिठ्ठीत साडेतीन तास कमी लागलेत
हे यानंच पकडलं, पेन्सिलीशिवाय,
आणि कचेरीत जाऊन, दोन भाषा ओलांडून, सांगितलं.

एप्रिलमध्ये, परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, त्याने हात वर केला.
'मिसेस वोंद्रा, हा शब्द म्हणजे काय?'
शब्द साधाच होता,
ज्यांच्या घरापुढे हिरवळ असते त्यांच्यासाठी.
नियमाप्रमाणे मला एकच वाक्य बोलता येतं:
'तुला जमेल तसं कर.'
ते मी बोलले. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून.

आता तोच प्रश्न माझ्यापुढे, एकतिसावं पान.
काठिण्यपातळी: मध्यम.
आकड्यांत काही नाही, एक गुणाकार, एक वजाबाकी.
अवघड नेमकं कुठे दबा धरून बसलंय
ते कोपऱ्यातल्या दशांशाला ठाऊक नाही.

मी चिठ्ठी चोविसावर लावली.
ओमाहाच्या हॅल्वरसन सरांनी अडतिसावर.
'दया करून मुलांचं भलं होत नाही,' ते म्हणाले,
आणि ते खोटं बोलत नव्हते.
मी दयेचं बोलतच नव्हते,
पण त्या घटकेला दुसरा शब्द सुचला नाही.
जेवणात टर्कीचं सँडविच. मग दुसरी फेरी. तिसरी.
आम्ही हळूहळू मध्याकडे सरकलो,
थंडीत माणसं शेकोटीकडे सरकतात तसे.
पडद्यावर निकाल: चिठ्ठी एकतिसावर.
तिसावर लावली असती तर आणखी आठशे मुलं पास.
त्या एका पानाची जाडी मी अंगठ्याने चाचपली.
काहीच लागली नाही हाताला.

परतताना प्लॅट नदी सोबतीला.
आमच्याकडे म्हणतात, मैलभर रुंद, बोटभर खोल.
काठ कुठे संपतो आणि पाणी कुठे लागतं
हे जुलैत नीट सांगताच येत नाही.

गावात शिरले तेव्हा लुथरन चर्चच्या हिरवळीवर
ते यंत्र फिरत होतं, टिक टिक टिक, पाणी उडवत,
आणि त्याखाली तोमास,
धाकट्या दोघींना दोन हातांना धरून, चिंब.
फेरे मोजत होता, मोठ्याने, घरच्या भाषेत.
मी गाडी थांबवली. काच खाली केली.
शब्द अगदी जिभेवर आला होता.

त्याने मान हलवली माझ्याकडे बघून,
आकडा न चुकवता.