शनिवार

यादी शनिवारी लागणार, म्हणतात.
सोमवारपासून कवडू नेवारे
अर्धा तास आधीच येतो,
जे यंत्र त्याचं नाहीच
त्यालाही तेल देतो.

लीलाधरनं लॉकरमधला पेला घरी नेला,
दुसऱ्या दिवशी परत आणला.
कोणी काही विचारलं नाही.

सूतगिरणीच्या गेटसमोर
गुणवंतानं उधारीची वही मिटली.
"आता रोखीनंच घ्या, भाऊ."
याले कसं मालूम, म्हणत
आम्ही हसलो, जरा जास्तच.

रात्री बायको डोळ्यांकडे पाहते.
काही नाही व, कापूस उडते.
खरं तर पिंजणखातं
दिवाळीपासून बंद आहे.

आज तुटला धागा जोडताना
बोटं अडली नाहीत कुठंच.
त्यांना अजून
सांगितलं नाही मी.