शेवटचा ख

भूकंपात पडलेली भिंत उपसताना
विटांच्या मागे सापडली म्हणे गुंडाळी.
ठिमीहून बसने आली मोहनमाया प्रजापती,
कमरेच्या पटुक्यात ताडपान,
मेथीची जुडी खोचावी तसं.

मी चष्मा पुसतोय तोवर
तिने टोकाची मातीची मोहोर नखाने टोकरली, हुंगली.
"आमच्याच खाणीतली. भाजलेली नाही, नुसती वाळवलेली."
तीस वर्षं ही पानं वाचतो मी पाटणच्या या बहालात.
माती वाचणारं माणूस पहिल्यांदा पाहिलं.

गुंडाळी एकदम उलगडायची नसते.
ओलसर फडक्याच्या शेजारी ठेवायची,
वीतभर सैल झाली की चहा घ्यायचा.
आम्ही दोन-दोन कप घेतले.

लिपी भुजिंमोल.
भुजिं म्हणजे माशी, मोल म्हणजे डोकं.
डोक्यालाच मोल म्हणायची ती भाषा;
आता ते उरलंय न्हाण्याच्या शब्दात, तेही झिजून.
अक्षराअक्षराच्या माथ्यावर वळलेली गोल खूण,
जणू लिहून झाल्यावर ओळीवर माश्या बसल्या
आणि पाचशे वर्षं कुणी हात हलवला नाही.
मोहनमायाने हलवला.
मग स्वतःशीच हसली.

रंजना लिपी असती तर तिने हात जोडले असते.
ती देवळाच्या तुळईवर असते, प्रार्थनाचक्रावर,
काळ्यानिळ्या कागदावर सोन्याच्या शाईत.
ही तर देण्याघेण्याची.

आरंभी संस्कृत: शुभ असो, राजाची लांबलचक बिरुदं,
नेपाळ संवत सहाशे बावन्न, कार्तिक शुद्ध सप्तमी.
शेताच्या बांधाशी येताच मात्र
लेखकाने देवभाषा जोड्यांसारखी काढून ठेवली
आणि अनवाणी लिहिलं:
पूर्वेला लंख.

"लंख काय?"
"पाणी."
"पाण्याला लः म्हणतात."

म्हणतात. मीही म्हणतो.
आमच्या शब्दांची टोकं तोंडातोंडी झिजली,
काठ गेलेल्या भांड्यासारखी;
उरला नुसता श्वास, लिहिताना दोन टिंबं.
शिकवायची खोड, मी सांगत सुटलो.
तिने हातानेच थांबवलं.
"पण मडकं पाण्यात पडलं तर लखय् पडलं म्हणतो की.
ख गेलाय कुठे?
एकटा असला की तोंड मिटून बसतो,
कुणी शेजारी टेकलं की बोलतो.
माझा सासरा तसाच होता."

माझ्या वहीत हेच आहे, साडेचार पानांत.
तिच्यासमोर ती वही मी उघडली नाही.

हेरालखुमी नावाच्या बाईने तीन रोपणी शेत गहाण टाकलं.
साक्षीला दोघे. पैसे फिटले की पान परत.
"म्हणजे," मी म्हणालो, "पान तुमच्या भिंतीत निघालं,
तर एक तर ती सुटली,
नाही तर सावकार तुम्हीच."

ती बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिली.
कबुतरं, प्लास्टिकची टाकी, कुणाची तरी वाळत घातलेली मिरची.

मला वाटलं, आता कोर्टाचं विचारेल.
ते उत्तर पाठ आहे:
राणांच्या राज्यात कचेरीने ही भाषा दारातूनच परत पाठवली,
काळ्या दगडावरची रेघ असली तरी
वाचणाराच नको म्हणाला तर ती ओरखडाच.

"कोर्ट कशाला?" ती म्हणाली.
"पोरगा बोअर मारायचा म्हणतो. दोनदा कोरडी गेली.
म्हटलं, जुन्या माणसांनी लिहून ठेवलं असेल
पाणी कुठे होतं.
पूर्वेला किती पावलं?"

मी भिंग धरलं.
लंख आहे, त्याचा ख आहे, ठसठशीत,
डोक्यावर माशी.
त्यापुढे अंतर असावं.
तिथे नेमकी कसर लागली आहे,
भोक आरपार,
त्यातून टेबलाचं लाकूड दिसतं.