नववी विभक्ती

सावद्याला पाचवीच्या वर्गात
कोकियानं स्वतःचं नाव सांगितलं आणि वर्ग हसला.
गुरुजी म्हणाले, जीभ मागे मुडप. म्हण: ळ. ळ.
तिनं मुडपली. तरी य च निघाला,
आमच्या घरात सात पिढ्या निघतो तसा:
केयी, डोया, कायी माती, वावराच्या कडेचा नाया.

त्या रात्री धाब्यावर तिनं जाहीर केलं,
आपण नवी भाषा करायची.
तिच्यात ते अक्षर असणार नाही.
वही म्हणजे संघाची जुनी पावतीबुकं, मागून कोरी.

मी आठ वर्षांचा. माझ्याकडे आवाज आणायचं काम.
मी आणले:
बैल हाकताना दातांआडून निघतो तो च्क,
ठिबकच्या फुटक्या पाइपचा त्स्स,
घडाच्या दांड्यावर कोयत्याचा खप्,
आणि आबा बशीतून चहा ओढत तो फुर्र.
फुर्र तिनं नापास केला.
म्हणाली, स्वर आहे की व्यंजन ते आधी ठरव.

लिंगं दोनच. सावलीतलं आणि उन्हातलं.
तापीकाठच्या मे महिन्यात तिसरं असतं कुठं?
घागर सावलीतली, पत्रा उन्हातला.
बाप चार वाजेपर्यंत उन्हातला,
मग ओट्यावर टेकला की बदलायचा,
आणि त्याच्या मागोमाग त्याची विशेषणंही आत यायची
घाम पुशीत.

वचनं: एक, फणी, घड, वॅगन.
दुःख फणीतच मोजायचं, असा नियम.
घडात मोजलं की भाव खाल्ल्यासारखं होतं.

शुद्धलेखन सोपं.
ज्याची भीती वाटते त्याचे कानेमात्रे काढून टाकायचे.
धाकटे काका वहीत शेवटपर्यंत 'कक' आहेत.

भूत, वर्तमान, भविष्य
यांच्या शेपटीला व्याकरणात जो शब्द लागतो
तो नेमका त्याच अक्षरावर संपतो.
म्हणजे आमच्याकडे तो असणं शक्य नव्हतं.
क्रियापदं मग स्टेशनावरून आणली:
गेली. फलाटावर. लेट.
दूध गेली. भाकर फलाटावर. पाऊस लेट.
मी मोठा होणं, दोन तास लेट.

आज्ञार्थ नाही. इथं तिनं माझं काहीच ऐकलं नाही.
ये, वाढ, उचल, दात दाखवू नको,
हे दिवसभर ऐकून
तिला निदान एक व्याकरण असं हवं होतं
जिथं कुणाला कुणी काही सांगू शकत नाही.

आणि संबोधनाच्याही पलीकडे, नववी विभक्ती.
प्रत्यय त्सू.
जे द्यायचंय पण हातात नाही, त्याला लागतो.
यात्रेत तिनं मला दिलं: जिलबीत्सू, चश्मात्सू, सायकलत्सू.
मी तिला एका उपासाच्या दिवशी
आख्खी वॅगन सावलीत्सू दिली होती.
तिनं ती मोजून घेतली.

दहा वर्षांनी उधन्याचे लोक आले.
मग सुरत पॅसेंजर. फलाटावर.
मला तिला 'जाऊ नको' म्हणायचं होतं.
मनात पानं उलटली, पहिल्या पावतीपासून.
आज्ञार्थ नाही.
घाईत तोंडातून निघालं: च्क.
खिडकीतून म्हणाली, वेड्या, हा तर पुढे हाकायचा.
आणि गाडी हलली.

आता तिची जीभ गुजराती.
ते अक्षर तिथंही आहे, आणि ती ते
भाजी निवडता निवडता सहज म्हणून जाते.
मी अजून य.
हे लिहितानाही ते मी घेतलेलं नाही,
गुरुजींच्या तोंडी आलं तेवढं सोडून.

काल फोनवर मी तिला दिला: आंबात्सू.
म्हणाली, रूप चुकलं. भर दुपार आहे, उन्हातलं लाव.
म्हटलं, इथं ढग आलेत.
कुणाच्या आकाशावरून ठरवायचं, वही काढ, बघ.
म्हटलं, आज्ञार्थ नाही.

मग बराच उशीर काही नाही.
बहुतेक ती चहा पीत होती, बशीतून.
फुर्र.