आमच्याकडं 'पण'ला 'खरं' म्हणतात

दुसऱ्या रेल्वे गेटाजवळ, टायरच्या दुकानावर
संध्याकाळी सहा ते आठ आमचा पत्रकारितेचा वर्ग.
गाडी आली की मुचंडीकर सर बोलायचे थांबत,
मालगाडी असली तर गेल्यावर विचारत : डबे किती?
कुणी अठ्ठेचाळीस म्हणे, कुणी पन्नास.
"मोजले नसतील तर मालगाडी गेली, एवढंच लिहा."

भैरू मुचंडीकर. निवृत्त हवालदार, फोटो विभाग.
डोकं तुळतुळीत, आणि शर्टाच्या खिशात
पेनाशेजारी एक काळी फणी.
चिक्कोडीचा बसगौडा कन्नडमधून हसायचा, मी मराठीतून.

पुस्तक नव्हतंच. एक पत्र्याची पेटी होती.
तिच्यातला एकेक फोटो काढून,
मागची बाजू तळव्यानं झाकून, ते पुढं सरकवत.
"खालची ओळ लिहा. सात शब्द."
मी लिहिलं : विजयाच्या आनंदात न्हाऊन निघालेले आपले शूर जवान.
सरांनी सहा शब्द खोडले.
"हसतायत, कारण लंगरवाल्याचा पाय चिखलात रुतलाय.
विजय असेल की तिथं. खरं मला दिसला नाही."

बाहेरच्यांना सांगायला हवं :
आमच्या बेळगावात 'पण'ला 'खरं' म्हणतात.
येतो म्हणालो होतो, खरं आलो नाही.
जेवलो, खरं पोट भरलं नाही.
पुण्याच्या परीक्षकांनी माझ्या पेपरात
त्या शब्दाभोवती लाल गोल काढला होता.
सर गोलाकडं बघत राहिले. म्हणाले,
"यावर अजून दोन तास घेता येतील."

एकदा बंद होता. कुणीतरी वेशीवरच्या पाटीला डांबर फासलेलं.
आम्ही फोटो काढून आणले, डांबर अजून ओघळतंय असे.
"खाली काय लिहिलं होतं?"
गावाचं नाव, सर.
"कुठल्या लिपीत?"
बसगौडा एक म्हणाला, मी दुसरी.
"जा. बघून या."
अकरा किलोमीटर, एका सायकलवर दोघं.
परतलो तेव्हा वर्गाला कुलूप होतं, सर पायरीवर.
दोन्ही, सर.
"मग सकाळी काय बघून आला होतात?"

फणीचं त्यांनी एकदाच सांगितलं, वीज गेली होती तेव्हा.
एकाहत्तर साल. पूर्वेकडं, एका नदीकाठी.
लढाईचे फोटो काढणारे वेगळे होते.
यांच्याकडं पडलेल्यांची नोंद :
चेहरा, नंबर, तारीख.
"एक पोरगा. गालावर चिखल वाळलेला, केस कपाळाला चिकटलेले.
फोटो घरी जाणार, हे मला ठाऊक.
बाटलीत पाणी होतं. तोंड पुसलं.
भांग पाडला, डावीकडं. मग बटण दाबलं.
आता सांगा, बातमीदार म्हणून सांगा. फोटो खोटा झाला?"
बसगौडा होय म्हणाला. मी नाही म्हणालो.
वीज आली तेव्हा सर रुमालानं फणी पुसत होते.
"तो उजवीकडं पाडत असेल तर?" म्हणाले,
आणि हजेरी घेतली.

परवा रात्री दहाला सर गेल्याचं कळलं.
पानावर जागा एका कॉलमाची.
जन्मभर कॅमेऱ्याच्या मागं उभ्या माणसाचा
एकच फोटो मिळाला, ओळखपत्रावरचा,
गालावर गोल जांभळा शिक्का.
ऑपरेटर मंजुळा म्हणाली, "शिक्का काढू? दोन मिनिटांचं काम."

मी हुबळीला बसगौडाला फोन लावला. तोही रात्रपाळीलाच.
बराच वेळ त्याच्या कचेरीतला प्रिंटर तेवढा ऐकू येत होता.
मग तो मराठीत म्हणाला, "काढ."

मी म्हणालो, काढला असता रे, खरं