हालचाल आढळली

लोक मला विचारतात, कोणता कॅमेरा घ्यावा.
मी पन्हळी साफ करतो, नळाचे वायसर बदलतो,
फुगलेली दारं रंध्याने तासून चौकटीत बसवतो.
पण माझ्याकडे शिडी आहे,
आणि शिडीवाल्याला सगळं कळतं
असा डनेडिनमध्ये एक समज आहे.

नोएलीनबाईंचं घर दरीच्या सावलीच्या अंगाला.
जूनमध्ये तिथे ऊन अकराला येतं
आणि दोनला, भाडं थकलेल्या माणसासारखं,
मागच्या दाराने निघून जातं.
त्यांचं जळण चोरीला गेलं होतं. दोन ढकलगाड्या.
आणि एक गमबूट, डाव्या पायाचा.
"लाकडांचं समजू शकते," त्या म्हणाल्या,
"पण एकच बूट नेणारा माणूस मला बघायचाय."

मुलगा क्रेग पर्थहून बोलत होता,
फोन बिस्किटांच्या डब्याला टेकवलेला.
तार की बॅटरी?
बॅटरी म्हणजे दर दोन महिन्यांनी शिडी,
शिडी म्हणजे मी, मी म्हणजे पैसे.
तार म्हणजे भिंतीला भोक.
चित्रं घरात साठवायची, की दूर कुठेतरी,
महिन्याला बारा डॉलर देऊन?
"अंगण माझं, आणि भाडंही मीच भरायचं?"
अंधारात दिसतं का?
दिसतं, पण सगळेच भुतासारखे, डोळे पांढरे.
शेजारच्या सेमिसीची खिडकी येईल का त्यात?
येईल, सरळ लावला तर.
"मग तिरपा लावा. तो रात्री एकटा जेवतो.
ते कुणी बघू नये."

मधल्या किमतीचा ठरला. तारेचा.
गुरुवारी वळचणीखाली पेन्सिलने खूण केली,
ड्रिल टेकवलं,
आणि ते गेलं. नुसतं गेलं.
कुरकुर नाही, भुसा नाही,
चहात विसरलेल्या बिस्किटात बोट जावं तसं.
फळी दाबली तर हाताला काळा गाळ.
शंभर वर्षांचं रिमूचं लाकूड,
आणि वर गेल्या उन्हाळ्यातला साईच्या रंगाचा हात,
एक पोपडा नाही.

रंग मीच दिला होता.

खालून त्या विचारत होत्या, बसला का?

विजेरी दातात धरून माळ्यावर सरपटलो.
पत्र्याच्या एका खिळ्याशी पाणी आत येत होतं,
तुळईवरून चालत कोपऱ्यापर्यंत,
रोज त्याच वाटेने, किती वर्षं कुणास ठाऊक.
दहा वर्षं या घरचा चहा प्यायलो
आणि आता पालथा पडून
वासे मोजत होतो. पाच गेलेले. सहावा संशयित.

खाली येऊन सांगितलं. रंगाचंही सांगितलं,
म्हणजे तेव्हाच फळी जरा मऊ लागली होती, हे.
त्या काही बोलल्या नाहीत.
टेबलावरचे कॅमेऱ्यांचे कागद गोळा केले,
कडा जुळवल्या, पुन्हा जुळवल्या.
मग म्हणाल्या, "खोकं फोडलंत. आता परत घेणार नाहीत ते."

लाकडाचे पैसे त्यांचे, मजुरी माझ्या माथी.
ती त्यांनी मागितली नाही, मीच लावून घेतली.
पत्रा अजून इन्व्हरकार्गिलहून यायचाय.
तोवर कॅमेरा माळ्यावर, तुळईकडे तोंड करून.
ही कल्पना क्रेगची.
जळण अजून जातं. बूट मिळाला नाही.

काल पहाटे तीनला, पर्थमध्ये अकराला,
त्याचा फोन वाजला: हालचाल आढळली.
काळोखात एक पांढरा ठिपका,
लोंबला, जाड झाला, सुटला.
त्याने आईला उठवलं. आईने मला.

गेलो. भरलेली बादली काढून रिकामी ठेवली.
कॅमेऱ्यासमोरून रांगताना
मान खाली घातली,
डोळे पांढरे दिसू नयेत म्हणून.