दुसऱ्याची कॅसेट

चौदा गाण्यांची यादी दिली होती मी,
वहीच्या पानावर, ग्रीसच्या बोटांसकट.
गंगावेशीत इलाही तांबोळीचं दुकान,
नव्वद मिनिटांची कॅसेट, सोळा रुपये, निम्मे उधार.
त्यानं हातात दिली ती भलत्याच कुणाची.
वर निळ्या शाईत एवढंच : मारवा.
खाली बाईचं नाव होतं, त्यावर चहा सांडलेला.

शिवीच आली तोंडात.
उलट पावली गेलो तर शटर खाली.
पानवाला म्हणाला, भावाच्या लग्नाला गेलाय मिरजेला,
आठ दिवस काय येत न्हाई.

घरात टेप नवा, बोनसचा.
कॅसेट एकच.
करतोय काय?

पहिल्या दिवशी वाटलं, ही गाणं सुरू कधी करणार?
दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, बंद कर ते,
कोण तरी गेल्यागत वाटतंय.
तिसऱ्या दिवशी पुढं पळवून बघितली.
पुढंही तेच.

चौथ्या दिवशी उद्यमनगरात, दुसऱ्या पाळीला,
लेथवर पंपाचा शाफ्ट लावलेला.
माप पंचवीस, सूट दोन शतांश,
त्याच्या खाली गेलं की माल भंगारात.
मायक्रोमीटर आवळला
आणि कानात तो सूर लागला, ती लावत होती तसा,
पेटीवर असतो त्याच्या केसभर खाली.
रिषभ हे नाव मला फार नंतर कळलं.
तेव्हा एवढंच कळलं
की ही बाई पण शतांशात काम करती
आणि तिचा एक नग भंगारात जात नाही.

त्या रात्री दिवा न लावता ऐकली.
षड्ज तिथंच होता, तंबोऱ्यात,
झाकून ठेवलेल्या ताटासारखा.
ती दारापर्यंत यायची
आणि पुन्हा रस्त्याला लागायची.
पाळी सुटल्यावर मीही असाच
रंकाळ्याला एक फेरी मारून घरी यायचो,
का ते कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

आठव्या दिवशी इलाही आला.
मी वर्षभर गंगावेशीतनं गेलो नाही.

फुकट मात्र मिळालं नाही काही.
बंडा पोवारच्या मंडळात मी पहिल्या फळीत नाचायचो.
त्या साली बेंजो जरा चढा लागलेला,
आणि ते मला ऐकू आलं.
एकदा ऐकू आलं की येतच राहतं,
दातात अडकलेल्या बडीशेपेगत.
बंडा म्हणाला, भावा, आजारी हाईस काय?
मी हो म्हणालो.
पुढच्या साली त्यानं बोलावलं नाही.

मग कधी तरी इलाहीनंच सुट्टे मोजता मोजता सांगितलं,
ती शिरगावकर मास्तरांची होती.
अन् तुझी त्यांच्याकडं गेली,
त्यांनीबी कधी परत आणली न्हाई बघ.

एका संध्याकाळी मास्तर दिसले रंकाळ्याच्या कठड्यावर.
धोतर, छत्री, शेंगदाण्याची पुडी.
छत्रीच्या मुठीवर बोटं ठेका धरत होती,
ओठांत शीळ : माझ्या यादीतलं सातवं,
कॅबरेचं.
मी शेजारी बसलो.
त्यांनी पुडी पुढं केली.
तेवढीच ओळख.

पुढं टेपनं फीत खाल्ली.
पेन्सिलीनं गुंडाळली,
तुटली तिथं बहिणीच्या नेलपॉलिशनं चिकटवली.
बोटभर फीत वाया गेली,
त्यात तिचा अर्धा श्वास.

परवा पुतण्यानं मोबाइलवर तेच शोधून लावलं.
स्वच्छ, खरखर नाही, बाईचं नावसुद्धा आलेलं.
मी चष्मा लावला नाही.
अकराव्या मिनिटाला, त्या जागी,
सवयीनं मी उडी मारून पुढं गेलो.
ती सावकाश,
तो श्वास घेऊन,
माझ्या मागनं आली.